परक्याच्या हातचा दगड

मंगलीने पाण्याची कॅन उचलून डोक्यावर घेतली आणि जेवणाची पिशवी खांद्याला अडकवली. ही आज सामान उचलायला आहे, असं लोकेश जंगलाच्या फाटकावरच्या पत्रूला सांगत होता. ती लोकेशची सख्खी बहीण आहे हे पत्रूला लहानपणापासून माहीत होतं. तरी त्याने मान खाली घालूनच बांबूचा आडणा वर केला.

पाहुणे चौघे होते. नागपूरचे मोहरील साहेब, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांची बायको, मुलगी दिव्यानी आणि जावई. लोकेश पुढे चालत होता. अंगात गावच्या वनसमितीने दिलेला हिरवा शर्ट, हातात काठी. तो पाहुण्यांशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत होता. मंगलीला ते ऐकवत नव्हतं.

ती सासरहून, सिंदेवाहीकडून, पहिल्या बसने आली होती. परवा बाजारात भाजी घेताना एक बाई दुसरीला सांगत होती, त्या पहाडीवर नवसाचे दगड आहेत म्हणे, माझ्या भाचीने ठेवला अन् तिला नोकरी लागली. मंगलीच्या हातातली वांगी तशीच राहिली. माहेरच्या त्या पहाडीवर दगडांचा ढीग एकच होता. गेल्या उन्हाळ्यात मोहा वेचायला गेलेली तिची माय जिथे सापडली, तिथला.

पहिल्या चढावर पाहुणे दम घ्यायला थांबले तेव्हा लोकेश मागे आला. घरी जा, म्हणाला. संध्याकाळी बोलू.

"संध्याकाळी नाई. तिथीच बोलतो मी, यायच्यासमोर," मंगली म्हणाली. "माय होती म्हनून सांगतो. वाघानं नेली म्हनून सांगतो. नवस म्हने. लाज नाई वाटली तुले?"

लोकेशने पाहुण्यांकडे पाहिलं. दिव्यानी बुटाची नाडी बांधत होती.

"सांग मंग. उद्यापासून हे फाटक बंद होईन. सात घरं जेवून राह्यले याच्यावर."

"मायच्या मढ्यावर जेवून राह्यले."

लोकेश वळला. काठी आपटत पुन्हा पुढे गेला.

वाट बदलली होती. पूर्वी पायाखाली फक्त मुरूम असायचा, आता पायऱ्या बसवल्या होत्या. वळणावर पाटी होती, सनसेट पॉइंट. चारच्या आत सगळ्यांनी खाली उतरायचं असा नियम, आणि नाव सनसेट पॉइंट. माय गेली त्या वेळी वनखात्याचे साहेब म्हणाले होते की बाई परवानगीशिवाय आत शिरली, तिचीच चूक. मोहा वेचायला आलेली घुसखोर, आणि फोटो काढायला आलेली पाहुणी. तो वाघ पकडून नेला असंही म्हणाले. कोणता नेला ते वाघालाच माहीत.

सागाची पानं गळून पडली होती आणि प्रत्येक पाऊल वाजत होतं. मंगलीला एक गोष्ट खटकली. शेण दिसत नव्हतं. जळतणाची तोडलेली एक फांदी दिसत नव्हती. तिने पाय उचलून लोकेशला गाठलं.

"गावातलं कोनी येत नाई काय इकडून?"

"फाटकाच्या अंदर गाववाल्यायले मना हाये. दिवाळीपासून."

"अन् तू?"

"मी नोकर."

तेवढ्यात डावीकडे वानर खाकरलं, वाघ दिसल्यावर खाकरतं तसं. एकदा, मग लागोपाठ. लोकेशने हात वर केला आणि सगळे जागच्या जागी थांबले. मोहरीलांच्या बायकोने नवऱ्याची बाही धरली. खालच्या नाल्यात बांबू कशाने तरी हलला, की नुसत्या वाऱ्याने, कोणाला कळलं नाही. वानर गप्प झालं तरी बराच वेळ कोणी पाय उचलला नाही.

मग लोकेश हळू आवाजात म्हणाला, चला, एकमेकांना सोडू नका.

शेवटच्या चढाच्या आधी तेंदूच्या झाडाखाली तो ढीग होता. मंगली थबकली. तिने पाहिला होता तेव्हा तो गुडघ्याएवढाही नव्हता. आता छातीला लागत होता. काळे, तांबडे, नाल्यातले गुळगुळीत, चढावरचे खरबरीत. गावाला तर मनाई होती, मग एवढे दगड कोणी आणले? वाघाने नेलेल्या माणसावर येणाऱ्या-जाणाऱ्याने दगड ठेवायचा, ही गावाची रीत. दगडांचं वजन पडलं की माणूस खाली बसतं. नाही पडलं तर ते वाघाच्या पुढे पुढे चालत राहतं, त्याला वाट दाखवत. आणि दगड परक्याच्या हातचा लागतो. रक्ताच्या माणसाने ठेवलेला धरत नाही.

लोकेश पाहुण्यांना सांगत होता. चपला-बूट काढा. दगड स्वतः शोधा, दुसऱ्याने दिलेला नको. गावाकडे तोंड करा. दोन्ही हातांनी ठेवा, आणि ठेवल्यावर मागे वळून पाहू नका.

यातलं एक अक्षर त्याने मनाने रचलेलं नव्हतं, सगळी गावाचीच रीत होती. फक्त शेवटी तो म्हणाला, मनातली इच्छा पूर्ण होते.

जावयाने हसत ठेवला. दिव्यानीने डोळे मिटून ठेवला. तिच्या आईने साडीचा पदर डोक्यावर घेतला. मंगली एकेकाच्या हाताकडे पाहत होती. कॅन डोक्यावरच होती, मान दुखत होती, पण तिला ती उतरवायचं सुचलं नाही.

मोहरील साहेब बूट न काढता उभे होते.

"मी या गोष्टी मानत नाही," ते म्हणाले. चिडून नाही, साधेपणाने. "तुम्ही लोकांना फसवता आहात, लोकेश. खरं सांगा, हा ढीग कसला आहे?"

 लोकेशने साहेबांकडे पाहिलंच नाही. तो मंगलीकडे पाहत होता. पाहुणेही तिच्याकडे वळले. आता तिने तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. त्यासाठीच तर ती बसमध्ये उभी राहून आली होती.

मंगलीने कॅन खाली ठेवली.

"बाईमानूस हाये एक," ती म्हणाली. "इथी बसली हाये."

"कोण बाई?"

"तुमच्या वळखीची नाई. म्हनूनच म्हनतो, साहेब. काई मागू नका. मानू बी नका. एक गोटा ठेवा फक्त."

मोहरील तिच्याकडे पाहत राहिले. मग ते वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले. वयामुळे वेळ लागला. कोणी मदत केली नाही. दगड त्यांनी चढाच्या कडेचा घेतला, मातीने भरलेला, आणि हाताने पुसला. गावाकडे तोंड करून ठेवला. मागे न बघता ते पुढे झाले.

वरून मोकळा वारा येत होता. कडा जवळ आला होता. फांद्यांमधून खालची कापलेली धानाची शेतं दिसत होती आणि बोडीच्या लहानशा तळ्याचं पाणी चमकत होतं. दिव्यानीचं लक्ष मात्र मंगलीकडे होतं.

"तुम्ही नाही ठेवणार, ताई?"

मंगलीने कॅन उचलून पुन्हा डोक्यावर नीट बसवली.

"आमचा चालत नाई," ती म्हणाली, आणि लोकेशच्या मागे चढू लागली.