निविदा पेटीच्या पोटातला लिफाफा

मित्रांनो, मी एक जुनी निविदा पेटी. धाराशिव जिल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात मला भिंतीला पक्कं बसवलं आहे. जाड पत्रा, वर लिफाफ्यापुरती फट आणि दोन कुलपं. चाव्या दोन वेगवेगळ्या साहेबांकडे असत, त्यामुळे एकट्याला मला उघडता येत नसे. याचा मला भारी तोरा होता.

सरकारला काही करून घ्यायचं असलं की लोक आपला दर लिहून, लिफाफ्याला लाखेचं सील लावून माझ्यात टाकत. ठरल्या दिवशी मला सगळ्यांसमोर उघडत आणि दर मोठ्यानं वाचत. तेव्हाही लबाड्या होत, नाही असं नाही. पण माणसं समोरासमोर बसलेली असत.

मग हे सारं संगणकावर गेलं. मला मात्र कुणी काढलं नाही, की माझी फटही बुजवली नाही.

गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या बाकांचं काम निघालं. बेंबळीच्या धोंडीबा सुतारांनी आयुष्यभर हीच बाकं केलेली. हे काम मिळालं तरच त्यांचं दुकान टिकणार होतं. त्यांनी फलकावरची तारीख वाचली, खालची ‘फक्त ऑनलाइन’ ही बारीक अक्षरं वाचली नाहीत. सवयीनं सीलबंद लिफाफा माझ्यात टाकला.

उघडण्याच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासमोर बसले. चार वाजता लिपिक शिवरंजनीबाई बाहेर आल्या.

“मामा, कुणाची वाट बघताय?”

“बाकांची पेटी कवा उघडायची, बाई?”

“ती निविदा तर सकाळीच उघडली, कॉम्प्युटरवर. काम गेलं दुसऱ्याला.”

“कशी उघडली? म्या सकाळपासनं हितंच हाय. पेटीला कुणी हात लावला न्हाय.”

बाईंनी आत जाऊन चाव्या शोधल्या. सापडल्या नाहीत. “आता उघडून बी उपयोग न्हाय, मामा,” त्या हळूच म्हणाल्या.

“मग नुसता वाचा तरी माझा दर.”

दिवाळीआधी धोंडीबांनी दुकान बंद केल्याचं मी इथंच व्हरांड्यात ऐकलं. लिफाफा अजून माझ्या पोटात आहे. त्याची मला लाज वाटते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला भंगारात द्या. तेही जमत नसेल तर माझ्या फटीवर निदान एक कागद चिकटवा. काल दुपारी एक म्हातारी बाई आली. तिनं लाखेचं सील दोनदा तपासलं, लिफाफा माझ्यात टाकला आणि समाधानानं घरी गेली.