कोरडेबाबांची बाही

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर कोरडेबाबा हात पसरून उभे, समोर सतरंजीवर कुणाचं तरी पाण्याने फुगलेलं पोट, आणि बाबांच्या बोटांतून पितळी भांड्यात टपटपणारं पिवळं पाणी. "डॉक्टर नळ्या खुपसतात. मला नळी लागत नाही. मी बोलावतो, आजार येतो," बाबा म्हणाले. लोकांनी हात जोडले. पोट होतं तेवढंच राहिलं, पण भांडं भरत असताना पोटाकडे बघतो कोण?

प्लंबरची बायको बघत होती. पुढची पाळी तिच्या नवऱ्याची होती. गेल्याच आठवड्यात त्याला रक्ताची उलटी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, यकृत कडक झालंय, त्यात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत दाब वाढलाय, म्हणून रक्त अन्ननलिकेच्या नाजूक शिरांत घुसतंय. त्या पुन्हा फुटल्या तर जिवावर बेतेल. उपाय होता. मानेच्या शिरेतून बारीक नळी यकृतापर्यंत उतरवायची, तिथून त्या मोठ्या शिरेत शिरायचं आणि जाळीची नळी बसवून रक्ताला दुसरी वाट करून द्यायची.

नवरा हसला होता. दुखणं पोटात आणि नळी मानेत? मोरी तुंबली म्हणून कुणी गच्चीवर चढतं का? खरं तर त्याच कामासाठी तो आयुष्यभर गच्च्या चढत आला होता. पण स्वतःच्या पोटाची वेळ आली की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते. उपचार परवावर आला होता आणि बाबांच्या भक्तांना दवाखाना वर्ज्य होता, तरी तो बाबांकडेच निघाला. ती भांडली, रडली, शेवटी जीव मुठीत धरून सोबत आली.

तो आडवा झाला. बाबांनी डोळे मिटून दंड अंगाशी आवळला. धार पडली, अडली, आणि बाहीतून गुळुक असा आवाज आला.

प्लंबरने एक डोळा उघडला. ही नजर तिच्या ओळखीची होती. पाहुणा म्हणून जेवायला बसला तरी यजमानांचा नळ गुरगुरला की तो ताटावरून उठायचा.

"बाबा, तुमच्या लायनीत हवा धरलीय," तो पडल्यापडल्या म्हणाला.

"शांत राहा. आजार निघतोय."

"आजार नाही, हवाच. काखेत पाइप दुमडलाय. हात वर करा, बघतो."

बाबा मागे सरकले, पण प्लंबरची सवय वाईट. त्याने उठून बाही वर केलीच. काखेत रबरी फुगा, त्याला पारदर्शक नळी, नळीचं तोंड करंगळीशी चिकटपट्टीने बांधलेलं. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी भांडं हुंगून निकाल दिला, "कोरा चहा."

तिला हसूही आलं आणि रडूही. "अहो, नळी इथेही आहेच," ती म्हणाली. "फक्त ही लपवलेली आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरीणबाईंकडे नळी बघायला मागितली. त्यांनी ती हातात दिली, चित्र काढून वाट दाखवली, धोकेही सांगितले: रक्तस्राव होऊ शकतो, पुढे कधी डोक्यात गोंधळ उडू शकतो. खात्री देता का, असं त्याने विचारलं. नाही, त्या म्हणाल्या, पण तपासण्या बघता फायद्याची बाजू जड आहे. तो बराच वेळ नळी बोटांत फिरवत राहिला.

"म्हणजे बायपास लाइन," तो म्हणाला. "करा."

नळी नीट बसली. मानेवर छोटीशी पट्टी घेऊन तो पडून होता, तेव्हा त्याच सभागृहातली मंडळी भेटायला आली. पोट न फाडता बरा होतोय, चमत्कारच म्हणायचा, असं म्हणत त्यांनी इथेही हात जोडले. आता मात्र बायकोला राहवेना.

"हात नका जोडू, प्रश्न विचारा," ती म्हणाली. "बरं करतो म्हणणाऱ्याला आधी बाही वर करायला सांगा, मग त्याला पोट दाखवा. मी तर माझा माणूसच घालवून बसले असते."