सातवा अंगठा

सात सह्या लागतात. कायदाच तसा. अठराशे साठ साली कोण्या साहेबाने लिहून ठेवलंय, की लोकांच्या भल्यासाठी सात माणसं जमली, कागदावर नाव, गाव, धंदा लिहून सह्या केल्या, की झाली संस्था. सहा जमली तर नुसतं टोळकं. आणि एकोणीसशे अडतीस सालच्या श्रावणात सुपडू मास्तरांच्या कागदावर सह्या होत्या बरोबर सहा.

मास्तर साठीचे. नंदुरबारच्या शाळेतून सुटल्यावर चारचौघांसारखं ओट्यावर बसावं, तर हा गृहस्थ पाठीला पडशी मारून सातपुड्यात शिरला. चार वर्षं! काठी गावाच्या पलीकडचे पाडे, तीनशे बारा घरं. कोण किती दिवस जंगलखात्याच्या बंगल्यावर वेठीला राबला, कोणाचं वावर हद्दीच्या दगडांत गेलं, सगळं वह्यांत उतरवलं. "तुम्हनं लगीन त्या वह्याससंगेच लावाले पाहिजे व्हतं," असं बायको, छबूबाई, म्हणायची आणि पडशीत भाकरी बांधून द्यायची.

त्या वर्षी जंगलाच्या तक्रारी ऐकायला सरकारने समिती नेमली. मास्तरांनी अर्ज धाडला, तो परत आला. एकट्या माणसाचं ऐकणार नाही, नोंदलेल्या संस्थेतर्फे या. आणि समिती एकदाच बसणार. तिने जी हद्द मान्य केली ती कायमची. म्हणून हे 'सातपुडा लोकस्थिती अभ्यास मंडळ'.

घटना लिहिली मोतीलाल वकिलांनी. डोंगरातल्या गावांची पाहणी करणे, माहिती छापणे, कायद्यात बदल सुचवणे, असे उद्देश. सभासदाला नफा नाही. मंडळ बुडालं तरी उरलंसुरलं दुसऱ्या तशाच संस्थेला जाणार. कागद सोमवारच्या टपालाने मुंबईला निघायला हवे होते. सातवी सही आपल्या चुलतभावाची घेऊ, असं वकील म्हणाले. मास्तर हटून बसले.

"ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्यातला एकही नको? मग हे मंडळ कोणाचं हो?"

रविवारी नारसिंग आला. काठीच्या वरच्या अंगाच्या एका पाड्याचा कारभारी, दोन दिवस चालून आलेला. वकिलांच्या बैठकीत खाली बसला, उद्देश सगळे मास्तरांकडून वाचून घेतले, मान डोलावली. मास्तरांनी त्याचा अंगठा शाईत बुडवला. कागदाशी नेता नेता नारसिंग थांबला.

"मन्हा नावफुढे काय लिखेल शे? वाची दखाड."

मास्तरांनी वाचलं. नारसिंग, राहणार अमुक पाडा, धंदा मजुरी.

नारसिंगने हात मागे घेतला.

"मी मजूर नही शे, मास्तर. मन्हा आजानी तोडेल वावर शे."

"अरे बाबा," वकील म्हणाले, "सरकारी दप्तरात तुझ्या नावावर वीतभरही जमीन नाही. शेतकरी लिहिलं आणि कोणी उतारा मागितला तर काय दाखवशील? मजूर लिहिलेलं बरं. अंगठा उठव, झालं."

नारसिंगने वकिलांकडे पाठ फिरवली. मास्तरांकडे बघत सावकाश म्हणाला, की नवं कणीस निघालं की ज्याचं वावर तो आपल्या बांधावर ते देवापुढे ठेवतो, मगच घरात दाणा खातात. ती नवाई. मजूर नवाई करत नाही, मालकाने केली की खातो. "मी दर साल करस." मग त्याने विचारलं, "तू मन्हा खाटवर बशीसन लिखं व्हतं. तठे काय लिखेल शे?"

मास्तरांनी वही उघडली.

मजूर. खाली मजूर. पान उलटलं, मजूर. तीनशे बारा घरं, मोत्यासारखं अक्षर, आणि एकजात मजूर! झालं होतं असं, की धंद्याचा रकाना त्यांनी कोणाला विचारून भरलाच नव्हता. जंगलखात्याच्या यादीवरून घरी बसून उतरवला होता, तेवढाच वेळ वाचला म्हणून. शाळेचा पट भरताना चाळीस वर्षं हेच केलं होतं, पालकाचा धंदा मागल्या वर्षीच्या पटावरून. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. इथे मात्र ज्यांची जमीन मागायची, त्यांची ती आपणच वहीत काढून घेतली होती. समितीपुढे कोणी एवढंच वाचून दाखवलं असतं, की यांचंच मंडळ म्हणतंय हे मजूर, तर खेळ खलास.

मास्तरांना रडू आलं. वकिलांसमोर, कारभाऱ्यासमोर, साठीचा माणूस धोतराच्या सोग्याने डोळे पुसत बसला.

"चुकनू, नारसिंगभाऊ. मी चुकनू."

"वही अशीच जाऊ द्या," वकील म्हणाले. "समिती दिवाळीनंतर बसतेय. तीनशे घरं पुन्हा कधी फिरणार?"

मास्तरांनी घटनेच्या कागदावरचं 'मजुरी' खोडलं. वर 'शेती' लिहिलं, बाजूला स्वतःची सही केली. नारसिंगच्या अंगठ्यावरची शाई वाळली होती. त्याने तो पुन्हा बुडवला आणि असा दाबून उठवला, की खालच्या कोऱ्या पानावरही डाग पडला. मग उठताना म्हणाला, की भादव्यात पाड्यापाड्यावर नवाई आहे. पुजारा दिवस ठरवतो, त्या दिवशी जो तो आपल्या वावरात उभा असतो. कोणाच्या घरी जायला नको, कोणाला विचारायलाही नको. तू फक्त ये.

सोमवारी कागद गेले. मंडळ रीतसर नोंदलं गेलं, दाखला आला तेव्हा मास्तर गावात नव्हते. छबूबाईने तो भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला.

मास्तर नव्या वह्या घेऊन वर गेले होते. गुडघे बोंबलत होते, नाले भरून वाहत होते. पहिली नवाई नारसिंगच्या पाड्यावर. तो त्यांना घेऊन गेला त्या जागी शेत नव्हतंच. चुना लावलेला, आकडा कोरलेला हद्दीचा दगड, पलीकडे कमरेएवढं रान. वहीत 'वावर हद्दीत गेलं' एवढंच होतं; सात वर्षं जंगलखात्याने तिथे नांगर घालू दिला नव्हता, हे मास्तरांना तेव्हा कळलं. चार वर्षांत ते या दगडापर्यंत कधी आलेच नव्हते. खाटेवर बसून लिहीत होते.

दगडाला चिकटून मक्याचं एक ताट उभं होतं. एकच. शिपायाच्या नजरेत येऊ नये म्हणून भोवती काटे लावलेले. नारसिंगने चपला काढल्या, त्या ताटाचं कणीस मोडलं, सोललं आणि रानाकडे तोंड करून दगडापाशी ठेवलं. दर साल तो असंच करत होता.

मास्तरांनी वही उघडली. उभ्या उभ्या लिहिताना अक्षर वेडंवाकडं आलं. घर पहिलं. नारसिंग. धंदा शेती. वावर कुठे, या रकान्यात त्यांनी त्या दगडावरचा आकडा लिहिला, आणि मग नारसिंगने दिलेले चार दाणे तोंडात टाकले.