अण्णांचे पंप

तिसऱ्यांदा मोटर जळाली तेव्हा बायजा रडली नाही. तिने पट्टा उतरवला आणि दार सताड उघडलं. जळकट वास गिरणीभर कोंडला होता. पाड्यावरून आलेल्या शुक्रीची नागली अर्धीच दळून झाली होती.

"पोरांना काय घालू आता?" शुक्री म्हणाली.

डहाणूत वीज आली, तेव्हा नवऱ्यामागे बायजाने ही पिठाची गिरणी घातली. पहिलं वर्ष बरं गेलं. मग त्रेसष्ट साली शेजारच्या अण्णांनी चिकूच्या वाडीत त्याच लाइनवर तीन मोठे पंप बसवले. ते सुरू झाले की गिरणीतला दिवा लालसर पडायचा, मोटर कण्हायची, हात लावू देईना इतकी तापायची. बायजा धावत जाऊन बंद करायची. दर वेळी जमायचंच असं नाही.

वीज कचेरीत ती दोनदा अर्ज देऊन आली होती. "तुमची मोटरच जुनी," साहेब म्हणाले होते. मोटर नवी होती.

आता ती तडक वाडीत गेली, पंपांचा स्विच खाली ओढला आणि त्याला पाठ लावून बसली. शुक्रीही टोपली घेऊन शेजारी टेकली.

अण्णा आले. "वहिनी, उठा. झाडं वाळतील."

"सकाळी मला दळू द्या, पाणी दुपारनंतर सोडा. किती वेळा सांगितलं?"

"वीज काय तुमच्या एकटीची आहे?"

"मग तुमच्या एकट्याची कशी झाली?"

अण्णांनी साहेबांना निरोप धाडला. बायजाच्या अर्जाला न हललेली जीप तासाभरात आली. साहेबांनी पंप चालू करायला लावले आणि गिरणीत जाऊन विजेचा दाब मोजला.

"फारच कमी येतो हो," ते म्हणाले.

"मी तेच सांगत होते. तेव्हा तुम्ही मोटरीला नावं ठेवलीत."

साहेबांनी आकडा वहीत टिपून घेतला.

महिन्याभराने वाडीसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर बसला. बायजासाठी आपणच तो मंजूर करून घेतला, असं अण्णा गावभर सांगत फिरले. जळलेली मोटर मात्र बायजाने पदरमोड करूनच नव्या तारेने भरून आणली.

गिरणी पुन्हा सुरू झाली त्या दिवशी अण्णा दारात आले. चार बायका दळणाला बसल्या होत्या.

"काय वहिनी, आता झालं ना समाधान?"

"नाही," बायजा म्हणाली, आणि शुक्रीची नागली तिने गिरणीत ओतली.