उद्या शाळा आहे का?

आमच्या सारी-ओय या डोंगरातल्या गावात हिवाळा लागला की माणसं एकमेकांची खुशाली विचारायचं सोडून देतात. विचारतात ते एवढंच, "उद्या शाळा आहे का?" आणि त्याचं उत्तर सायराकान एजेंकडे असायचं. आम्ही थोरल्या बहिणीला एजे म्हणतो, पण त्या मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना एजेच म्हणत. मी त्यांच्या शेजारी राहते आणि त्याच शाळेत गणित शिकवते. त्यामुळे जे घडलं ते मी जवळून पाहिलं.

सुरुवात दोन हिवाळ्यांपूर्वीपासून करायला हवी. त्या वर्षी जानेवारीत थंडीने कहर केला. शाळेच्या भिंतीवरच्या थर्मामीटरचा पारा खाली जाऊन बसला तो वर येईचना. गुरं गोठ्यात उभ्या उभ्या मरत होती. एजेंनी तालुक्याच्या शिक्षण कचेरीत फोन लावला. तिथले साहेब मेदेरबेक म्हणाले, "इथं शहरात एवढी थंडी नाही. शाळा बंद ठेवायचा नियम इथल्या पाऱ्यावर चालतो."

"साहेब, पोरं तिथं नाही, इथं चालत येतात."

"मग तुमच्या जबाबदारीवर बंद ठेवा."

एजेंनी ठेवली. सगळ्या गावाने दुवा दिला.

आमच्या शाळेत स्वयंपाक करायची ती बुरूल. हडकुळी, सतत काहीतरी पुटपुटणारी, हाताला फार चव असलेली बाई. तिची अकमोर तिसरीत होती. शाळा असली की अकमोर मधल्या सुट्टीत स्वयंपाकघरात यायची, आईच्या पाठीमागे उभी राहून तळलेल्या बोरसोकांवर, म्हणजे पिठाच्या फुगीर तुकड्यांवर, हात मारायची आणि आईचा फटका खाऊन पळायची. शाळा बंद झाली तशी बुरूल नवऱ्याच्या मदतीला डोंगरातल्या मेंढवाड्यावर गेली. तिथं कोकरं गारठून मरत होती. जाताना तिने चुलीत भरपूर कोळसा घातला आणि ऊब टिकावी म्हणून धुराड्याची झडप लावली. अकमोर आणि तिचा धाकटा भाऊ चुलीशेजारी झोपले. पोरांना कोळशाचा धूर बाधला. भाऊ दाराच्या फटीजवळ लोळत गेला होता, म्हणून वाचला. अकमोर नाही वाचली.

मयताच्या दिवशी बुरूल रडली नाही. एजे आत आल्या तेव्हा तिने मान वर केली आणि म्हणाली, "शाळा असती तर ती माझ्या डोळ्यांसमोर असती, एजे."

बस, एवढंच. तिच्या स्वरात दोषही नव्हता. पण दाराशी उभ्या असलेल्या बायकांनी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. ज्यांनी दुवा दिला होता तेच म्हणू लागले, "कुणी सांगितलं होतं बंद ठेवायला? आमच्या लहानपणी याहून जास्त थंडी असायची." मेदेरबेक साहेबांनी फोनवर खडसावलं. एजे सगळ्यांचं ऐकून घेत. त्यानंतर त्यांचं जेवण तुटलं. मी सूप घेऊन गेले की चमचा फिरवत बसायच्या आणि भांडं तसंच परत द्यायच्या.

गेल्या जानेवारीत मात्र वेगळंच झालं. थंडी ओसरली आणि भर हिवाळ्यात पाऊस पडला. म्हातारी माणसं दारात उभी राहून आभाळाला शिव्या देत होती. पाऊस थांबला, वारा फिरला आणि पडलेलं पाणी गोठलं. बघता बघता सगळं गाव काचेने मढवल्यासारखं झालं. रस्ते, पायऱ्या, कुंपणं, सगळं. घरातून बाहेर पडताना घसरू नये म्हणून लोक बुटांवर जुने मोजे चढवत होते.

आमच्या शाळेतली निम्मी मुलं वरच्या वस्तीतून येतात. तिथून खाली येणारा रस्ता डोंगराच्या कडेने उतरतो आणि ओढ्यावरच्या पुलावर संपतो. मुलांना कापारबेक आपल्या व्हॅनमधून आणतो. त्या दुपारी मुलांना परत सोडून आल्यावर तो तडक शिक्षकांच्या खोलीत आला आणि टोपी टेबलावर आपटली.

"उद्या मी गाडी काढणार नाही. आज चाकं दोनदा घसरली. पोरं मागे गाणी म्हणत होती आणि माझा जीव माझ्या मुठीत."

"साखळ्या लाव की चाकांना," आमचे इतिहासाचे शिक्षक म्हणाले.

"साखळ्या बर्फात धरतात, गुरुजी. ही काच आहे काच. तुम्ही बसा माझ्या शेजारी, मग शिकवा."

काही पालकही आले होते. एक बाप म्हणाला, "बंद ठेवा. चार दिवस नाही शिकली पोरं तर काय आभाळ कोसळणार आहे?" त्यावर पलीकडून एक आई उसळली, "तुझं बरं आहे, तू दिवसभर घरी लोळतोस. मी गोठ्यावर जाते. पोरांना कोण बघणार? घरात कोळसाही संपत आलाय. गोवऱ्यांवर दिवस काढतोय. शाळेत निदान ऊब आहे, गरम खायला आहे."

सगळे एकदम बोलायला लागले. एजेंनी कचेरीत फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"पारा किती?" मेदेरबेक साहेबांनी विचारलं.

"थंडी फार नाही. पण रस्ते—"

"थंडी नाही ना? मग नियमाप्रमाणे शाळा चालू."

"नियमात निसरड्या बर्फाचं काही नाही का?"

"नाही. नियम पाऱ्याचा आहे. पुढचं तुम्ही ठरवा, तुम्ही तिथं आहात." आणि पलीकडून फोन ठेवला गेला.

बुरूल दाराशी उभी होती, पिठाचे हात तसेच. ती कधी बैठकीत बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"उघडी ठेवा, एजे. मी पहाटेच येऊन चूल पेटवते."

तिच्यासमोर 'बंद ठेवा' म्हणायची कुणाची टाप होती?

एजेंनी फोन बाजूला सारला. मग म्हणाल्या, "शाळा उघडी राहील. पण गाडी येणार नाही. वरच्या वस्तीच्या मुलांनी घरी राहायचं. खालची मुलं मोठ्या माणसांचा हात धरून येतील."

मला ते शहाणपणाचं वाटलं. आजही वाटतं. निरोप वरच्या वस्तीत गेला, मी स्वतः फोन केले. पण निरोपातलं माणसं आपल्याला हवं तेवढंच ऐकतात. 'गाडी येणार नाही' हे त्यांनी ऐकलं. 'शाळा उघडी आहे' हेही ऐकलं. घरी राहायचं, हे मात्र कुणाच्या कानापर्यंत पोचलं आणि कुणाच्या नाही.

सकाळी खालची मुलं आली, थोडीच. बुरूलने चहात दूध घातलं होतं, भाकरी भाजली होती. स्वयंपाकघराच्या काचा वाफेने धूसर झाल्या होत्या. मुलं नेहमीपेक्षा जास्त हसत होती, कोण कुठे कसं आपटलं याच्या नकला करत होती. मी अपूर्णांक शिकवत होते. मध्येच एजे वर्गात आल्या, खिडकीशी गेल्या आणि तिथंच थांबल्या.

पुलाच्या बाजूने एक माणूस पळत येत होता. पडत होता, उठत होता, पुन्हा पळत होता.

वरच्या वस्तीतली कुंदूज सातवीत होती. वर्गात पहिला नंबर तिने कधी सोडला नव्हता, आणि त्या दिवशी माझ्याकडे गणिताची चाचणी होती. धाकट्या बहिणीला घेऊन ती चालत निघाली. घरच्यांनीही अडवलं नाही, शाळा उघडी होती ना. पुलावर पोचल्यावर बहिणीचा पाय सटकला. कुंदूजने तिला ओढून कठड्याशी ढकललं आणि स्वतः घसरली. डोकं पुलाच्या लोखंडावर आपटलं. बहिणीला साधं खरचटलंही नाही.

गाडी काढणार नाही म्हणणाऱ्या कापारबेकनेच गाडी काढली. एजे मागे बसल्या, कुंदूजचं डोकं मांडीवर घेऊन. शहरापर्यंतच्या रस्त्यावर कापारबेक चालत्या माणसाहून हळू गाडी चालवत होता. एजे नंतर मला म्हणाल्या, "ती आधी बोलत होती, बातमा. चाचणी बुडली म्हणून रडत होती. मी म्हटलं, बातमा एजे तुझी परत घेतील. मग ती बोलायची थांबली."

कुंदूज जगली. वसंतात तिला दवाखान्यातून घरी आणलं. आता ती खिडकीशी बसते, आई भरवते तेव्हा तोंड उघडते. आईला ती ओळखते की नाही, कुणालाच कळत नाही. मी एकदा गेले होते. पुन्हा जायचा धीर झाला नाही.

गावाने काय म्हटलं ते सांगायला नको, पण सांगते. "बंद ठेवायला काय झालं होतं? सगळं गाव काच झालं होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं." मागच्या वर्षी ज्यांनी उलटं म्हटलं होतं तीच तोंडं. कापारबेक एकदा दुकानासमोर ओरडला, "अरे, लाज बाळगा! बंद ठेवली तरी तिलाच बोलता, उघडी ठेवली तरी तिलाच!" लोकांनी माना खाली घातल्या आणि तो गेल्यावर पुन्हा सुरू झाले. मेदेरबेक साहेब स्वतः आले, चहा न घेता एजेंना पदावरून उतरवलं आणि गेले.

बुरूल एजेंकडे आली तेव्हा मी तिथंच होते. ती दाराजवळच टेकली.

"मीच म्हणाले होते उघडी ठेवा," ती म्हणाली.

"ठरवलं मी," एजे म्हणाल्या.

"माझ्याकडे बघून ठरवलंत."

एजेंनी नाही म्हटलं नाही. तिच्यापुढे चहा सरकवला. उन्हाळ्यात बुरूल नवरा आणि मुलाला घेऊन रशियात कामाला गेली. निघताना अकमोरच्या कबरीवर गेली, पण एजेंच्या दारावरून गेली नाही, मागच्या वाटेने गेली. स्वयंपाकाला आता दुसरी बाई आहे. मुलं निम्मं ताटात टाकतात.

नवीन मुख्याध्यापक तरुण आहेत, शहरात शिकलेले. या वर्षी डिसेंबरात पुन्हा पाऊस पडून गोठला. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ते एजेंकडे आले, तेव्हा मी तिथंच होते. बर्फावर पडून कोपर फुटलं होतं, कोटाच्या बाहीला रक्त लागलं होतं. एजेंनी गरम पाण्याने ते पुसलं आणि चहा दिला.

"एजे, कचेरी म्हणते, माझं मीच ठरवायचं. पालक भांडतायत. उद्या काय करू? तुम्ही सांगाल तसं करतो."

मला वाटलं, एजे आता काहीतरी सांगतील, इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

"मला माहीत नाही, बाळा," त्या म्हणाल्या.

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही आता. चहा पी, निवेल."

मुख्याध्यापकांनी कसाबसा चहा संपवला आणि कुंपणाला धरून धरून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळा उघडी ठेवली. काही झालं नाही. मुलं आली, शिकली, घरी गेली. मी शाळेतून परतले तेव्हा एजे सकाळच्याच कपड्यांत, पायात बूट घालून, चूल विझलेल्या खोलीत बसल्या होत्या.

"सगळी पोचली का?" त्यांनी विचारलं.

"पोचली, एजे."

"उद्या?" त्या म्हणाल्या.

मी चूल पेटवायला वाकले. काड्या ओल्या होत्या, पेटत नव्हत्या.