खालचा सूर

विजयमालाबाईंनी संगणकाच्या पडद्यावरच्या बारीक रेघेभोवती चौकट ओढली आणि दगडाबाईंच्या डोक्यावरचे हेडफोन पदरासकट नीट बसवून दिले.

"लई जड हाय वो बाई हे," दगडाबाई म्हणाल्या. "इंद्र्या गाडीवर कधी हेल्मेट घालत न्हाय, आन मला हितं घरात बसून घालाय लावतोय."

"आये, गप ऐक की आता," इंद्रजित दारातूनच म्हणाला. तो आत येऊन बसायला तयार नव्हता. पायातली चप्पल त्याने काढली होती, पण चौथीच्या वर्गात बाईंसमोर उभा राहायचा तसाच तो अजून उभा होता.

बाईंनी कळ दाबली आणि शीळ वाजली.

दगडाबाईंचा उजवा हात टेबलाच्या कडेवर गेला आणि तिथेच घट्ट बसला.

"त्योच हाय," त्या म्हणाल्या. "रामहरीच."

इंद्रजितने मान खाली घातली.

बाईंनी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली होती, त्यातली पहिली अठरा शेळगावात. दगडाबाईंची दोन्ही पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. निवृत्त झाल्यावर त्या बारामतीला येऊन राहिल्या, आणि दोन वर्षांपूर्वी हे काम त्यांच्याकडे चालत आलं. शेळगावच्या पलीकडच्या माळावर अभ्यासकांनी बाभळींना सहा हिरव्या डब्या बांधल्या होत्या. त्या रात्रंदिवस नुसतं ऐकत राहायच्या. दर पंधरा दिवसांनी सुयोग नावाचा मुलगा मोटरसायकलवरून त्यांतली कार्डं आणून द्यायचा. कार्ड संगणकाला लावलं की आवाजाचं चित्र व्हायचं. डावीकडून उजवीकडे वेळ, खाली जाडे आवाज, वर बारीक. अख्खा दिवस एका पट्टीत मावायचा. प्रत्येक आवाजाभोवती चौकट काढायची आणि शेजारच्या यादीतून त्याला नाव द्यायचं: टिटवी, तित्तर, चंडोल, लांडगा, मेंढरं, वारा. बाईंना ते पटकन जमलं. वहीवरचं नाव न बघता अक्षरावरून पोर ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. टिटवीचं अक्षर टोकदार होतं, लांडग्याचं लांब वळणाचं.

यादीत सगळ्यात शेवटी 'माणूस' होतं. माळावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी आपलं बोलणं कुणी ऐकावं म्हणून काही सांगितलेलं नसतं, त्यामुळे ते नाव दिलं की चौकटीतला आवाज कायमचा पुसला जाई. तेवढी जागा पांढरी होऊन राही.

कार्डांत सापडलेल्या या शिळा कुणाच्या, हे बाईंना ठरवायचं होतं. आणि या खेपेला त्यांच्या ठरवण्यावर एक घर अडलेलं होतं.

सात वर्षांपूर्वी पौषात इंद्रजितचा भाऊ रामहरी मेंढरं घेऊन माळावर गेला. तिन्हीसांजेला मेंढरं परत आली, कुत्री परत आली, तो आला नाही. विहिरी झाल्या, कालवा झाला, पोलीस झाले. आता इंद्रजितच्या पोरीचं, राजनंदिनीचं लग्न ठरलं होतं आणि पाहुण्यांचं म्हणणं पडलं होतं की नाहीशा झालेल्या चुलत्याचं आधी काय ते करून घ्या. सोमवारी दर्भाचा पुतळा करून जाळायचं ठरलं. पण माळावर तिन्हीसांजेला शीळ वाजते, असं मेंढक्यांत दोन वर्षं बोललं जात होतं, आणि पुतळ्याला हात लावायला दगडाबाई तयार नव्हत्या. जिवंत माणसाला जाळू का, असं त्या विचारत होत्या. बाईंच्या डब्या ऐकतात, हे सुयोगकडून कळल्यावर इंद्रजित आईला घेऊन आला होता.

"दगडाबाई, रामहरीची शीळ कशी असायची? घालून दाखवता?"

"बाईमाणसानं शीळ घालू न्हाय म्हणत्यात. आन फुडचं दात कुठं हायत आता?" त्यांनी टेबलावर बोट टेकवलं. बोट तीन पायऱ्या वर चढलं आणि मग टेबलाच्या कडेखाली उतरलं, बराच वेळ तिथेच राहिलं. "तीन वर, आन मग एक खाली, लांब. खालचा आला की मेंढरं घरच्या वाटंला लागायची."

"आणि आता माळावर ऐकू येते, तिला मेंढरं वळतात?"

दगडाबाईंनी बोट उचलून मांडीवर घेतलं.

"न्हाय. चरायचं सोडत्यात, मुंडी वर करत्यात, आन नुसती उभी राहत्यात. म्हाताऱ्या मेंढ्या. अंधार पडला तरी हलत न्हाईत. हाकलून आणाव्या लागत्यात."

इंद्रजितने दाराची चौकट धरली. हे त्याने बाईंना सांगितलं नव्हतं.

बाईंनी पडद्यावर मागच्या दोन महिन्यांतल्या सगळ्या चौकटी एकाखाली एक लावल्या. एकवीस होत्या. प्रत्येकीत तीन रेघा होत्या, पायऱ्यांसारख्या वर चढणाऱ्या. चौथी कुठेच नव्हती.

"हे बघा," त्या म्हणाल्या. सावकाश बोलत होत्या, पाढा चुकलेल्या पोराशी बोलावं तशा. "हा चंडोल आहे. बारका पक्षी. ऐकेल त्याची नक्कल करतो. रामहरीची शीळ त्यानं ऐकली, उचलली. त्याचं ऐकून त्याच्या पिलानं उचलली, त्या पिलाचं ऐकून आणखी कुणी. एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर उतरवून घेताना पोरांचा शेवटचा शब्द राहून जातो ना, तसा खालचा सूर राहून गेला. रामहरी स्वतः असता तर तो त्यानं गाळला असता का?"

दगडाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना रेघा वाचता येत नव्हत्या, पण मोजता येत होत्या.

"मंजे माणूस न्हाय."

"नाही."

दगडाबाईंनी हेडफोन काढले आणि पदराने पुसून टेबलावर ठेवले.

"मेंढरं ताटकळत उभी राहत्यात, त्ये बघवंना बाई," जाताना एवढंच म्हणाल्या.

एकवीसही चौकटींना बाईंनी 'चंडोल' नाव दिलं. उत्तर बरोबर होतं. तरी त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सोमवारी पुतळा जाळला. बाईंना ते सुयोगकडून कळलं, पुढचं कार्ड द्यायला तो आला तेव्हा. पाच नंबरच्या डबीचं कार्ड होतं, माळाच्या उतारावरच्या बाभळीचं. दगडाबाईंच्या वस्तीपासून सगळ्यांत जवळची डबी तीच. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर येत होतं. बाईंनी खिडकीचा पडदा ओढला आणि सोमवारची संध्याकाळ उघडली.

तीन सूर, पुढे काही नाही.

मंगळवारी तीन सूर, मग रिकामी जागा, आणि त्या जागेत अगदी तळाशी एक फिकट रेघ होती.

बाईंनी चष्मा पुसला. रेघ तिथेच होती. त्यांनी ती ऐकली. श्वासासारखी होती, कापरी, खालची आणि लांब. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. संध्याकाळ झाली की चित्राच्या वरच्या बाजूला किड्यांचा एक जाड पट्टा असे, फळ्याच्या चौकटीसारखा, कधी न तुटणारा. त्या रेघेच्या आधी सात मिनिटं तो पट्टा तुटला होता. किडे गप्प झाले होते. कुणीतरी डबीजवळ येऊन उभं राहिलं होतं, आणि सात मिनिटं हललं नव्हतं.

बुधवारी पुन्हा पट्टा तुटला, पुन्हा पक्ष्याचे तीन सूर आले आणि खालचा सूर आला. गुरुवारीही तसंच. बाई एकेक संध्याकाळ उघडत गेल्या. अकरा संध्याकाळी तो सूर होता. मंगळवारी पक्ष्यानंतर एका सेकंदाने आलेला, बुधवारी दीड, गुरुवारी दोन. दर दिवशी थोडा उशिरा. शनिवारपासून तो जाड आणि गडद झाला होता. माणूस डबीच्या आणखी जवळ सरकला असावा, असं बाईंना वाटलं. त्याच शनिवारी पक्ष्याने चौथा सूर काढून बघितला होता, पण वर, चुकीचा. रविवारी किंचित खाली. पुढच्या बुधवारी जवळजवळ बरोबर.

बाईंचा हात माउसवरच थांबला. ही पद्धत त्यांना पाठ होती. अर्धी ओळ पोराने म्हणायची, उरलेली आपण सांगायची, आणि रोज सांगायला थोडा उशीर करायचा. तेवढ्या उशिरात पोराला आठवावं म्हणून. माळावर तिन्हीसांजेला कुणीतरी त्या पक्ष्याला शिकवत होतं.

शेवटच्या दोन दिवशी तो सूर नव्हताच. पक्ष्याने चारही सूर स्वतः म्हटले होते. किड्यांचा पट्टा मात्र त्याही दिवशी तुटलेला होता, सात मिनिटं.

पुतळा जाळून पंधरवडा झाला होता. ते 'नाही' बाईंच्या तोंडचं होतं. त्यांनी इंद्रजितचा नंबर लावला. त्याने फोन आईकडे दिला.

"दगडाबाई, मी विजयमालाबाई बोलतेय. एक विचारायचं होतं, माळावर..."

"शिकला का वो त्यो?" दगडाबाईंनी मधेच विचारलं.

बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि हसल्या, कितीतरी दिवसांनी.

"तुम्ही होता होय!"

"मीच की. तुमीच म्हणला न्हवं, शेवटचं राहून गेलंय म्हून? मंग म्हणलं, राहिलंय तर सांगून यावं. मेंढरं तरी मोकळी व्हत्याल." दगडाबाईंचा आवाज खाली आला. "दात न्हाईत, नुसती हवा जाती. पर बाई, तुमची ती डबी ऐकत आसंल तर माझी शीळ तेवढी पुसून टाका बरं का. कुणी ऐकली तर हसंल. सून तर वस्तीभर सांगंल."

"पुसते. आत्ता पुसते," बाई म्हणाल्या. फोन कानाला धरूनच त्यांनी मंगळवारची चौकट निवडली. "तुमची शीळ हलकीच आहे, घाबरू नका. आणि शिकवलंत मात्र छान. मला एवढा धीर झाला नसता. अकरा दिवस रोज जायचं म्हणजे..."

"अकरा कुठलं?" दगडाबाई म्हणाल्या. "चार दिस गेले मी. मंगळवार ते शुक्करवार. शनवारी सकाळी गुडघा सुजला, तवापास्नं बाजंवर पडून हाय. इंद्र्या उचलून आंगणात आणतोय तवा ऊन दिसतंय. पर परवापास्नं मेंढरं आपली आपण घराकडं याय लागली, म्हून इच्यारलं, शिकला का त्यो."

बाईंनी पडद्याकडे बघितलं.

मंगळवार ते शुक्रवार चार फिकट, कापऱ्या, फाटक्या रेघा होत्या. शनिवारपासूनच्या सात जाड, गडद, सरळ. कुणी जवळ सरकलं नव्हतं. अक्षरच वेगळं होतं. हे आधी कसं दिसलं नाही, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि हेडफोनचा एक कान उचलून शनिवारचा सूर पुन्हा ऐकला. दात असलेल्या तोंडाचा सूर होता. न घाबरता काढलेला, मेंढरं वळवायची सवय असलेल्या माणसाचा.

"दगडाबाई, इंद्रजितला शीळ येते?"

"त्याला? भाकरी गार करायला फुंकर बी नीट मारता येत न्हाय त्याला. आन तिन्हीसांजंचा त्या बाभळीजवळ जातंय कोण? ती वाजती म्हून समदे लांबनंच मेंढरं हाकलत्यात. का वो?"

बाहेर रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर गेला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

पहिल्या चार रेघांना त्यांनी एकेक करून 'माणूस' नाव दिलं. चार जागा पांढऱ्या झाल्या. पाचव्या चौकटीवर येऊन त्या थांबल्या. शनिवार. यादी उघडली. शेवटचं नाव, 'माणूस', खरं होतं, आणि ते दिलं की दगडाबाईंना ऐकवण्याआधीच हा सूर पुसला जाऊन हीही जागा पांढरी होणार होती.

बत्तीस वर्षांत त्यांनी चुकीच्या उत्तराला एकदाही बरोबरची खूण केली नव्हती.

त्यांनी 'चंडोल' निवडलं. मग रविवारलाही. सातही चौकटींना तेच नाव दिलं आणि सगळं जपून ठेवलं.

"बाई? हाय का तुमी? का फोन कट झाला ह्येचा?"

"आहे, आहे." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "दगडाबाई, गुडघा बरा झाला की इकडं येऊन जा. तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय."

"येते की. आठ-धा दिसांनी..."

"नको," बाई म्हणाल्या. "इतकं थांबायला नको. इंद्रजितला म्हणावं, आजच गाडी काढ."