सदतीस जणांचा कट्टा

आम्रपालीच्या फोनमध्ये तीनशे शहाऐंशी नंबर होते. त्यांतले एकाहत्तर नातेवाईकांचे, चौऱ्याण्णव शाळा-कॉलेजातले, एकशे अठ्ठावीस कंपनीतले आणि बावन्न गॅसवाला, रिक्षावाला, दवाखाना अशा कामाच्या माणसांचे. उरली एक्केचाळीस नावं. त्यांच्यापुढे तिला चेहराच आठवेना.

गुरुवार होता, सुट्टीचा दिवस. दिघीतल्या घरात पुढच्या खोलीत ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. वही उघडी, फोन चार्जिंगला. पलीकडे तिचे वडील भीमराज मेथी निवडत होते. पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून भाजी निवडणं त्यांच्याकडेच होतं.

"काय गं, जनगणना लागलीय का तुला?"

"पप्पा, कट्टे पाडतेय."

'चौक' नावाचं नवं ॲप त्या महिन्यात कंपनीत तिच्या लाइनवरच्या सगळ्यांनीच घेतलं होतं. त्यावर ओळखीच्या माणसांचे वेगवेगळे कट्टे करता यायचे आणि एका कट्ट्यावरचं बोलणं दुसऱ्या कट्ट्याला दिसायचं नाही. आम्रपालीला नेमकं तेच हवं होतं. लाइनचा जुना व्हॉट्सॲप ग्रुप होता, पण त्याचा ॲडमिन ठेकेदाराचा माणूस. तिथे शिंकलं तरी ऑफिसात रुमाल पुढे यायचा.

निघोज्याच्या बाजूला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ती तीन वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. बीएस्सी केमिस्ट्री, पण ठेकेदाराच्या हजेरीवर. सात महिने भरले की आठ दिवसांचा 'ब्रेक' मिळायचा, म्हणजे घरी बसायचं. मग नवा गेट पास, आणि माणूस पुन्हा पहिल्या दिवसापासून नवा. या खेपेला ठेकेदाराने सांगून टाकलं होतं की तीस तारखेच्या ब्रेकनंतर ही अख्खी बॅच परत घेणार नाही, नवी पोरं येतील.

भीमराजांच्या ओळखीचे एक वकील होते. ते म्हणाले, "कामगार कार्यालयात अर्ज टाकू. पण एकटीचा अर्ज फाइलीत झोपतो, बाळ. निदान पंधरा सह्या आण. सोमवारी अकराला, तिथेच, माझ्या समोर."

म्हणून ही निवड चालली होती, आणि ती तिच्या रोजच्या कामासारखीच होती. टेबलावर तीन ट्रे असतात. चांगला माल हिरव्यात, वाया गेलेला लालमध्ये, आणि ज्याची खात्री नाही तो पिवळ्यात. कंपनीतल्या एकशे अठ्ठावीस जणांपैकी कंपनी सोडून गेलेले सत्तावन्न तिने बाजूला काढले. साहेब लोक, एचआर आणि ठेकेदाराची माणसं मिळून चौतीस निघाली. राहिले सदतीस. एवढ्यांचा तिने कट्टा केला आणि नाव दिलं 'लाइन'.

काम सोपं गेलं, कारण चाकणच्या पट्ट्यात कुणी कुणाचा नंबर आडनावाने ठेवत नाही. 'मिनल गेज', 'नवनाथ प्रेस', 'ज्योतीराम डिबरिंग'. माणूस ज्या मशीनवर भेटला ते मशीन त्याला कायमचं चिकटतं. आम्रपाली नाव वाचायची, मशीन वाचायची आणि ट्रेमध्ये टाकायची.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने कट्ट्यावर टाकलं: 'सोमवारी सकाळी अकरा, कामगार कार्यालय. आधार कार्ड आणि गेट पासची झेरॉक्स आणा. येणाऱ्यांनी खाली नाव लिहा.' शिफ्ट सुटेपर्यंत एकोणतीस नावं आली.

बसमध्ये मिनल शेजारी बसली. ती हिंगोलीची, तपासणीच्या टेबलावर आम्रपालीच्या समोरची. निघोज्यात तिघींत एक खोली करून राहायची.

"एकोणतीस! बाई गं, कंपनीच्या पूजेला पण एवढे येत नाहीत."

"पूजेला शिरा असतो."

"मग सोमवारी पण शिरा ठेव की. तीस होतील." मिनल हसली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "मी कालच घरी सांगितलं, पुढच्या महिन्यात पैसे येतील का नाही माहीत नाही म्हणून. आई नुसता फोन धरून बसली."

"येतील," आम्रपाली म्हणाली.

शनिवारी सकाळी पावणेसातला तिने गेटवर कार्ड लावलं. लाल दिवा. कार्ड ओढणीला पुसून पुन्हा लावलं. लाल. तिसऱ्यांदाही तेच. मागे रांग खोळंबली. वॉचमन खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, बाजूला व्हा ना. तुमचं नाव वरूनच बंद आहे." रांग तिच्या शेजारून आत सरकत गेली. मिनल त्या रांगेत होती. तिने एकदा मागे पाहिलं, तिचं कार्ड हिरवं झालं आणि ती आत गेली.

आम्रपाली गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसली. साडेआठला फोन वाजला. पडद्यावर नाव होतं 'ज्योतीराम डिबरिंग'.

"ताई, मी ज्योतीराम बोलतोय. रागावू नका, पण मला कशाला घेतलं तुमी त्या कट्ट्यावर?"

"म्हणजे? तुम्ही लाइनवरचेच ना?"

"व्हतो. दीड वरीस झालं लाइन सोडून. आता मी ठेकेदाराकडं सुपरवायझर हाय, दुसऱ्या प्लँटला. तुमाला ठावं न्हाई?"

आम्रपालीने हातातला चहाचा ग्लास बाकावर ठेवला.

"मी कुनाला दाखवनार नव्हतो, आईशप्पथ. पन माझा फोन तिथं टेबलावरच असतो, साहेब उचलून बघत्यात. त्यांनी बघितलं. मग विचारलं, तुला ठावं आसून गप का बसलास? माझी बी नोकरी हाय ना ताई. एकोनतीसच्या एकोनतीस नावं लिवून दिली मी."

"ज्योतीरामभाऊ, माणसं घरी बसतील हो."

"न्हाई बसनार. त्यासाठीच तर फोन केला. साहेब म्हनले, सोमवारी जो जानार न्हाई त्याला ब्रेक झाला की परत घ्यायचं. सगळ्यांना फोन चाललेत. तुमचं मातर अवघड हाय."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली. तपासणीच्या टेबलावर पहिल्या आठवड्यात शिकवतात की टॅगवर तारीख नसेल तर माल सरळ पिवळ्या ट्रेमध्ये टाकायचा, मग तो कितीही चांगला दिसो. तीन वर्षांत तिच्या हातून हा नियम एकदाही मोडला नव्हता. फोनमधल्या एकाही नावापुढे तारीख नव्हती.

दुपारपासून कट्ट्यावरून नावं जाऊ लागली. कुणी काही लिहिलं नाही. आधी नवनाथ गेला, मग प्रेसवरचे सगळे एकदम. संध्याकाळी मिनलचा फोन आला.

"आम्रपाली, तू रागावलीस काय?"

"नाही गं."

"रागाव की जरा. तू अशी गोड बोलायलीस, तर मला जास्तच कसंतरी होऊ लागलंय." ती रडत होती. "मला नाही जमायचं बाई. त्यांनी आईला फोन केला, हिंगोलीला. नंबर कुठून मिळाला देव जाणे. तुमच्या पोरीला समजवा म्हणले."

"जाऊ नकोस सोमवारी. परत घेतलं तर चांगलंच आहे."

"तुझं काय?"

"बघू," आम्रपाली म्हणाली. बघण्यासारखं काय होतं ते दोघींनाही ठाऊक होतं.

भीमराजांनी जेवताना सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या काळी संप झाला तेव्हा गेटसमोर नऊशे माणूस बसला होता, हे त्यांनी घरात शंभरदा तरी सांगितलं असेल. या वेळी ते काढलं नाही. एवढंच म्हणाले, "मी येतो सोमवारी."

"पप्पा, तुमची सही चालत नाही."

"ठाऊक आहे मला. उभा तर राहतो."

सोमवारी दोघं पावणेअकराला पोचले. वकील आधीच आले होते, हातात अर्ज, खाली सह्यांसाठी आखलेल्या पंधरा ओळी. पायऱ्यांवर ऊन होतं म्हणून ते जिन्याखाली उभे राहिले. सव्वाअकराला लाइनवरची दोन मुलं फाटकाशी आली, इकडे पाहिलं आणि मोटारसायकल वळवून गेली. बारा वाजता वकील म्हणाले, अजून थोडं थांबू. भीमराजांनी पाण्याची बाटली आणली. साडेबाराला वकिलांना दुसऱ्या केसची तारीख होती, तरी ते एकपर्यंत थांबले.

मग त्यांनी अर्ज भिंतीवर टेकवून धरला आणि पेन पुढे केलं. आम्रपालीने सही केली. कारकुनाने शिक्का मारून वेळ घातली, एक वाजून सात मिनिटं. सह्यांची संख्या लिहायच्या चौकोनात त्याने लिहिलं: १.